तारा क्षणभर विझतो तेव्हा: दूरच्या छोट्या खगोलांची पिधानं बघण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला गेलं आणि पिधानाचा विषय निघाला की साधारण तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून ठेवू. इथे मी मुख्यतः नेपच्यूनच्या पलीकडच्या, कायपर पट्ट्यातल्या वस्तूंबद्दल बोलतोय. मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांची पिधानं सोपी असतात, सरावाला उत्तम असतात, त्यांचा उल्लेख येईलच. पण माझा जीव अडकलाय तो त्या लांबच्या, थंड, अंधारातल्या दगडांमध्ये.

पिधान म्हणजे नेमकं काय? ग्रहणासारखंच का?

हो, त्याच जातीचं. कॅलेंडरात "चंद्र-रोहिणी पिधान युती" असं काहीतरी वाचलं असेल, म्हणजे चंद्र रोहिणीच्या ताऱ्यासमोर येतो आणि तारा त्याच्याआड जातो. इथे चंद्राच्या जागी एखादा छोटा खगोल असतो एवढाच फरक. इंग्रजीतून आलेला ऑकल्टेशन हा शब्दही आपल्यात सर्रास वापरतात, मी दोन्ही वापरतो.

ती वस्तू दुर्बिणीतून दिसतच नाही म्हणता, मग बघायचं काय?

तारा बघायचा. वस्तू दिसायची गरजच नाही, हीच तर यातली गंमत आहे. तुम्ही एका ठरलेल्या ताऱ्यावर दुर्बीण लावून बसता, कॅमेरा चालू असतो, तारा शांतपणे स्क्रीनवर आहे, आणि ठरलेल्या वेळेला तो जातो. मंद होत होत नाही, बटण बंद केल्यासारखा जातो. अर्धा सेकंद, एक सेकंद, वस्तू मोठी असेल तर मिनिटभर सुद्धा, आणि मग परत येतो जसं काही झालंच नाही. मध्ये जे आलं ते तुम्हाला दिसलेलं नसतं, पण ते तिथे होतं आणि किती रुंद होतं हे तुमच्याकडे रेकॉर्ड झालेलं असतं.

सावली पडते म्हणजे केवढी पडते? अख्ख्या भारतभर दिसतं का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. तारा इतका लांब असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात असंच समजायचं, त्यामुळे जेवढी वस्तू तेवढीच तिची सावली. वस्तू ३० किलोमीटरची असेल तर पृथ्वीवर ३० किलोमीटर रुंदीचा एक पट्टा, बस. पुण्यात पट्टा असेल तर लोणावळ्यात बसलेल्याला काहीही दिसणार नाही. प्लुटोसारखं मोठं काही असेल, म्हणजे २३७७ किलोमीटर व्यासाचं, तर मात्र सावली अर्धा देश झाकून टाकते.

आणि ती सावली पळते. वस्तू प्रतियुतीच्या आसपास असेल, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, तर कायपर पट्ट्यातल्या वस्तूची सावली सेकंदाला साधारण २५ किलोमीटर वेगाने पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. यातला जवळपास सगळा वेग आपल्या पृथ्वीचाच असतो, ती बिचारी वस्तू तर फार हळू चाललेली असते. हिशोब करून बघा, नागपूरवरून निघालेली सावली अर्ध्या मिनिटात मुंबईला पोचते. वस्तू आकाशात स्थिर झाल्यासारखी वाटते, वक्री व्हायच्या किंवा मार्गी व्हायच्या सुमारास, तेव्हा सावली मंद चालते आणि पिधान जास्त वेळ टिकतं, ते दिवस चांगले.

हबलसारख्या दुर्बिणी असताना असला खटाटोप कशाला?

एक उदाहरण देतो. अ‍ॅरोकॉथ नावाची वस्तू आहे, सुमारे ३६ किलोमीटर लांब, सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या ४३ पट लांब, म्हणजे साडेसहाशे कोटी किलोमीटरच्या जवळपास. मुंबईत बसून कोल्हापुरात ठेवलेला मोहरीचा दाणा बघायचा असेल तर तो जेवढा दिसेल तेवढी ती आकाशात दिसते. हबलला सुद्धा तो फक्त एक फिकट ठिपका दिसतो, आकार नाही, कड नाही, काही नाही. ठिपक्याच्या प्रकाशावरून साइजचा अंदाज बांधता येतो पण मग पृष्ठभाग किती काळा आहे ते माहीत पाहिजे, काळा असेल तर वस्तू मोठी, उजळ असेल तर छोटी, आणि तेच माहीत नसतं.

पिधानात हा प्रश्नच येत नाही. सावली सेकंदाला २५ किलोमीटर पळते, तुमच्याकडे तारा एक सेकंद गेला, म्हणजे तुमच्या रेषेवर ती वस्तू २५ किलोमीटर रुंद आहे. पाचवीतलं गणित. शाळेत वर्तुळाची जीवा शिकलो ना, तीच ही जीवा. दुसऱ्या गावातल्या माणसाला दुसरी जीवा मिळते, तिसऱ्याला तिसरी, आणि प्रत्येक जीवेची दोन टोकं म्हणजे वस्तूच्या कडेवरचे दोन बिंदू. लंबवर्तुळ काढायला पाच बिंदू लागतात, तीन चांगल्या जीवा मिळाल्या तर सहा झाले. एक जीवा कमी पडते, तीन मिळाल्या की आकार उभा राहतो.

सावली कुठे पडणार हे आधी कसं कळतं?

दोन गोष्टी अचूक माहीत पाहिजेत, तारा नेमका कुठे आहे आणि वस्तू नेमकी कुठे असेल. नेमका म्हणजे किती, तर अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला, तिचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिविकला. अ‍ॅरोकॉथच्या अंतरावर एक मिलिविकला म्हणजे ३१ किलोमीटर. म्हणजे हिशोबात एवढ्याशा कोनाची चूक झाली तर सावली अख्खी बाजूला सरकते आणि तुम्ही चुकीच्या तालुक्यात दुर्बीण लावून बसता. एक दशांश विकलेची चूक असेल, जी जुन्या तारापत्रकांमध्ये अगदी नेहमीची होती, तर तीन हजार किलोमीटर. म्हणून पूर्वी दूरच्या छोट्या वस्तूंची पिधानं पकडणं म्हणजे नशिबाचा भाग होता.

हे बदललं ते ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या युरोपच्या गाया यानामुळे. त्याची पहिली यादी २०१६ मध्ये आली, दुसरी एप्रिल २०१८ मध्ये, आणि ताऱ्यांच्या जागा एकदम मिलिविकलेच्या आत आल्या. आता उरलेली चूक मुख्यतः वस्तूच्या कक्षेची असते. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांत या कामाला एवढी मोठी मदत दुसऱ्या कशाचीच झाली नाही.

सावल्यांचे नकाशे बघायला ऑकल्ट आणि ऑकल्टवॉचर ही सॉफ्टवेअर आहेत, फुकट आहेत. आपलं ठिकाण टाकलं की कुठली पिधानं आपल्या जवळून जातायत ते दाखवतात. नेपच्यूनपलीकडच्या वस्तूंसाठी पॅरिसच्या लोकांनी चालवलेल्या लकी स्टार प्रकल्पाची भाकितं बघा. नकाशावर सावलीच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चुकीची मर्यादा दाखवलेली असते, ती आधी बघायची. पट्टा पुण्यावरून दाखवलाय पण चूक दोन हजार किलोमीटरची आहे, तर तो पट्टा श्रीलंकेवरून सुद्धा जाऊ शकतो.

अ‍ॅरोकॉथचं नाव सारखं येतंय, ती गोष्ट काय आहे?

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, जरा सविस्तर सांगतो.

न्यू होरायझन्स यान २०१५ च्या जुलैमध्ये प्लुटोजवळून गेलं. त्याला पुढे जाऊन बघायला अजून एक वस्तू हवी होती, जमिनीवरच्या मोठमोठ्या दुर्बिणींनी शोधून मिळेना, शेवटी २६ जून २०१४ ला हबलने ती शोधली. तेव्हा नाव होतं २०१४ एमयू ६९. तेज सत्ताविसाव्या प्रतीच्या आसपास (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं फिकं), म्हणजे जवळजवळ नाहीच. यान तर तिकडे निघालंय, पण ती वस्तू केवढी आहे, तिच्याभोवती कडी आहेत का, धूळ आहे का, यानाला धोका आहे का, काहीच माहीत नाही. आणि यान एकदाच जवळून जाणार, थांबू शकत नाही, वळून परत येऊ शकत नाही.

नशिबाने ती वस्तू तेव्हा धनु राशीत होती, म्हणजे आकाशगंगेच्या दाट ताऱ्यांसमोर, त्यामुळे तिची पिधानं व्हायची शक्यता जास्त. २०१७ मध्ये एकाच मोसमात तीन सापडली: ३ जून, १० जुलै आणि १७ जुलै. गायाच्या टीमने तर आपली पुढची यादी जाहीर व्हायच्या आधीच त्या ताऱ्यांच्या जागा या लोकांना दिल्या.

३ जूनला दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात नुसती फौज उभी केली होती, कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीने दुर्बिणी. आणि कोणालाही काहीही मिळालं नाही. एकाचाही तारा गेला नाही. १० जुलैला नासाचं सोफिया, म्हणजे पोटात अडीच मीटरची दुर्बीण असलेलं विमान, न्यूझीलंडहून निघून प्रशांत महासागरावर गेलं, तिथे मुख्यतः आजूबाजूला धूळ-कडी वगैरे आहेत का ते बघायचं होतं.

मग १७ जुलै. अर्जेंटिनाच्या दक्षिणेला पाटागोनिया, तिथे चुबूत प्रांतात कोमोदोरो रिवादाविया नावाचं समुद्राकाठचं शहर आहे, वाऱ्यासाठी प्रसिद्ध. जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. खगोलशास्त्रज्ञ मार्क ब्यूई यांच्या नेतृत्वाखाली २४ फिरत्या दुर्बिणी, बहुतेक १६ इंची, शहराच्या वर-खाली मोकळ्या माळावर पसरल्या. आता विचार करा, १६ इंची दुर्बिणीची नळी म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. तर तिथल्या लोकांनी काय केलं, ट्रक आणून वाऱ्याच्या बाजूला आडवे लावले. गाड्यांचे दिवे येऊ नयेत म्हणून राष्ट्रीय महामार्ग दोन तास बंद ठेवला. रस्त्यावरचे दिवे घालवले. एका दगडाच्या सेकंदभराच्या सावलीसाठी एका गावाने एवढं केलं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं होतं.

मध्यरात्र उलटल्यावर तो बाराव्या-तेराव्या प्रतीचा तारा २४ पैकी ५ दुर्बिणींमध्ये गेला. पाच जीवा. त्या कागदावर मांडल्या तर एक गोल बसेना, मध्ये चिमटल्यासारखं दिसत होतं, म्हणून तेव्हाच लोकांनी सांगितलं की हे बहुतेक एकमेकांना चिकटलेले दोन गोळे आहेत, नाहीतर अगदी जवळची जोडी. ४ ऑगस्ट २०१८ ला सेनेगल आणि कोलंबियात अजून एक मोहीम झाली. आणि १ जानेवारी २०१९ ला यान तिथून ३५०० किलोमीटरवरून गेलं, फोटो आले, आणि खरोखर दोन चपटे गोळे एकमेकांना चिकटलेले. दीड वर्ष आधी, पृथ्वीवर माळरानात उभ्या असलेल्या माणसांनी काढलेला आकार आणि यानाचा फोटो एकावर एक ठेवून बघा, बसतात. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला अ‍ॅरोकॉथ नाव मिळालं, अमेरिकेतल्या पौहॅटन लोकांच्या भाषेतला शब्द, अर्थ आकाश.

एवढ्या लांब जाऊन तारा गेलाच नाही, तर ती रात्र फुकट ना?

अजिबात नाही, आणि हे मी सगळ्यांना अगदी कळकळीने सांगतो. ३ जून २०१७ ला कोणालाही काही मिळालं नाही यातून काय कळलं, तर ती वस्तू समजत होतो त्यापेक्षा छोटी असणार, म्हणजे उजळ असणार, किंवा दोन असणार. १७ जुलैच्या आधी हा धडा हातात होता. आणि १७ जुलैला सुद्धा ज्या १९ दुर्बिणींना काही दिसलं नाही त्यांच्यामुळेच वस्तूची कड कुठे संपते ते कळलं. फक्त "गेला"वाले असते तर वस्तू कितीही मोठी असू शकली असती.

लोक काय करतात, तारा गेला नाही की हिरमुसून फाइल डिलीट करतात आणि रिपोर्टच पाठवत नाहीत. कृपा करून असं करू नका. "इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत तारा सतत दिसत होता, आकाश स्वच्छ होतं" हे वाक्य म्हणजे मोजमाप आहे. हां, ढग असतील तर मात्र तसं लिहा, ढगात काही दिसलं नाही आणि तारा गेला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

छोट्या वस्तूंना कडी असतात हे खरंय का? ती कशी सापडली?

खरंय, आणि सगळी पिधानातच सापडली. ३ जून २०१३ ला कॅरिक्लो नावाच्या वस्तूचं पिधान होतं, ही शनी आणि युरेनसच्या मधल्या पट्ट्यात फिरते, व्यास सुमारे २५० किलोमीटर. दक्षिण अमेरिकेत बरेच जण बघत होते, हेतू फक्त साइज मोजायचा. पण मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतर ताऱ्याचा प्रकाश थोडासा दबला, दोन्ही बाजूंना. चिलीतल्या ला सिया वेधशाळेतला एक कॅमेरा खूप फास्ट चालत होता, त्यात तर प्रत्येक बाजूचे दोन दोन खड्डे वेगळे दिसले. म्हणजे दोन कडी, एक सुमारे ७ किलोमीटर रुंद आणि एक ३. तोपर्यंत कडी फक्त चार मोठ्या ग्रहांनाच असतात असं सगळे धरून चालले होते.

मग जानेवारी २०१७ च्या पिधानात हाउमेया या नेपच्यूनपलीकडच्या बटुग्रहाला कडं सापडलं. आणि नेपच्यूनपलीकडच्याच क्वावारचं तर अजूनच चमत्कारिक, त्याचं कडं केंद्रापासून सुमारे ४१०० किलोमीटरवर आहे, २०२३ मध्ये जाहीर झालं. नियमाप्रमाणे एवढ्या लांब कडं टिकायलाच नको, तिथल्या कणांचा गोळा होऊन छोटा चंद्र तयार व्हायला हवा होता. झालेला नाही. का, यावर अजून काम चालू आहे.

आपल्याकडची गोष्टही इथे सांगायलाच हवी. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. युरेनस काही छोटा नाही, पण पद्धत हीच. अमेरिकेतले लोक विमानातल्या दुर्बिणीतून हिंदी महासागरावरून बघत होते, आणि तमिळनाडूत कावलूरला १०२ सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी बसले होते. ग्रह यायच्या आधीच ताऱ्याचा प्रकाश क्षणभर पडला हे कावलूरला सुद्धा नोंदलं गेलं, आधी वाटलं युरेनसचा एखादा नवा चंद्र असेल. ती युरेनसची कडी होती.

वातावरण आहे की नाही हे कसं कळतं?

तारा कसा जातो त्यावरून. चंद्राला हवा नाही, म्हणून चंद्राआड तारा खटकन जातो. वस्तूला वातावरण असेल तर ताऱ्याचा प्रकाश त्यात वाकतो आणि तारा हळूहळू मंद होत जातो. ९ जून १९८८ ला प्लुटोच्या पिधानात नेमकं हेच दिसलं आणि प्लुटोला वातावरण आहे हे पक्कं झालं, यान पोचायच्या २७ वर्षं आधी. नंतर ६ जून २०२० ला उत्तराखंडमधल्या देवस्थळच्या ३.६ मीटर आणि १.३ मीटर दुर्बिणींनी प्लुटोचं पिधान पकडलं, त्यातून तिथला हवेचा दाब सुमारे १२ मायक्रोबार निघाला, आपल्या समुद्रसपाटीच्या दाबाचा जवळजवळ ऐंशी हजारावा भाग. प्लुटोवर न जाता, नैनीताल जिल्ह्यातल्या डोंगरावर बसून.

मला घरून करता येईल का? काय काय लागतं?

मुख्य गोष्टी चार: दुर्बीण, कॅमेरा, ट्रॅकिंग करणारा माउंट (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवत ठेवणारा स्टँड) आणि अचूक वेळ. आठ इंची दुर्बिणीपासून सुरुवात करता येते, अंधाऱ्या गावातून तेराव्या प्रतीपर्यंतचे तारे छोट्या एक्स्पोजरमध्ये मिळतात. दूरच्या वस्तूंची पिधानं बहुतेक वेळा त्याहून फिकट ताऱ्यांची असतात, त्याला बारा-सोळा इंची किंवा मोठी दुर्बीण लागते, त्यामुळे सुरुवातीला जवळच्या लघुग्रहांवर हात बसवा. त्याच्याही आधी चंद्राच्या पिधानांवर. एकदम कायपर पट्ट्यावर उडी मारली तर निराशा होते.

शहराच्या गच्चीतून ठळक तारे जमतात. फिकट ताऱ्यांसाठी बाहेर पडावं लागतं, मुंबईवाले वांगणी-नेरळकडे जातात, पुण्यावाले जुन्नर, वेल्ह्याकडे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, अशा संस्थांमध्ये जाऊन आधी कोणाच्या तरी शेजारी बसून एक रात्र काढा, इथे वाचून कळणार नाही ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

वेळेबद्दल एवढा आग्रह का? मोबाइलवर टाइम असतोच की.

कारण सावली सेकंदाला २५ किलोमीटर पळते. तुमचं घड्याळ दहावा भाग सेकंदाने चुकलं तर तुमची जीवा अडीच किलोमीटर सरकली. अ‍ॅरोकॉथसारख्या ३६ किलोमीटरच्या वस्तूसाठी ही फार मोठी चूक. साधा लॅपटॉप तसाच सोडला तर एखादा सेकंद सहज पुढे-मागे असतो, म्हणजे वस्तू अख्खी बाजूला. जीपीएस आतच बसवलेले कॅमेरे मिळतात, क्यूएचवाय कंपनीचा १७४ जीपीएसवाला या कामासाठी नावाजलेला आहे, अ‍ॅरोकॉथच्या मोहिमेत तोच होता. महाग आहे. तो नसेल तर लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून सतत जुळवत ठेवणारं सॉफ्टवेअर टाका आणि रिपोर्टमध्ये वेळ कशी घेतली ते प्रामाणिकपणे लिहा.

आणि तारखेचा घोळ! भाकितं जागतिक वेळेत असतात. १४ तारखेला रात्री २१:१० लिहिलंय, त्यात साडेपाच तास मिळवा, आपल्याकडे १५ तारखेची पहाट २:४० झाली. ही चूक मी केलेली आहे. तास बरोबर मिळवले पण तारीख १४ च ठेवली आणि एक रात्र आधीच जाऊन बसलो, सगळं सामान घेऊन, थंडीत, आणि खरी वेळ आली तेव्हा घरी झोपलेलो होतो. ते पिधान परत येणार नाही. तेव्हापासून वहीत मी "१४ ची रात्र संपून १५ ची पहाट" असं अक्षरात लिहितो.

त्या रात्री नेमकं काय करायचं?

आदल्या रात्री जाऊन त्याच वेळेला तो तारा शोधून ठेवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या भागाचा नकाशा छापून न्या, कारण शेजारी त्याच तेजाचे चार तारे असतात आणि ऐन वेळी चुकीच्या ताऱ्यावर बसलेले लोक मी बघितलेत.

दोन तास आधी पोचा. माउंट लावा, फोकस करा, परत फोकस करा कारण नळी थंड झाली की तो हलतो. एक्स्पोजर पिधानाच्या अपेक्षित वेळेपेक्षा बराच कमी पाहिजे, एक सेकंदाचं पिधान आणि दोन सेकंदांचं एक्स्पोजर असेल तर हाती काही लागत नाही. ऑटो काहीही ठेवू नका, ऑटो एक्स्पोजर तर नाहीच नाही. फाइल कॉम्प्रेस न करता सेव्ह करा. रेकॉर्डिंग किमान पाच मिनिटं आधी चालू आणि पाच मिनिटं नंतर बंद, कडी शोधायची असतील तर अजून कितीतरी जास्त. शेजारचा एखादा तारा फ्रेममध्ये असू द्या, आपला तारा दबला आणि तो पण दबला तर ढग आहे, आपलाच दबला तर काहीतरी आहे. एकाच फ्रेममधला खड्डा असेल तर फार नाचू नका, वटवाघूळ सुद्धा असू शकतं, वाऱ्याचा धक्का सुद्धा.

दव हा आपल्याकडचा मोठा शत्रू. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीनला काचेवर हात लावला तर ओला होतो, आणि स्क्रीनवर तारा हळूहळू फुगत-फिका होत जातो, बघणाऱ्याला वाटतं ढग आला. दुर्बिणीच्या तोंडाशी गुंडाळायचा हीटरचा पट्टा घ्या, नाहीतर केस वाळवायचा ड्रायर आणि लांब वायर. आणि शेजारच्या बंगल्यावाल्यांना, शेताच्या मालकांना आधी भेटून सांगा की अमुक वेळेला दहा मिनिटं बाहेरचा दिवा बंद ठेवाल का. समजावून सांगितलं तर आजपर्यंत मला कोणी नाही म्हटलेलं नाही, एक आजी तर शाल गुंडाळून शेवटपर्यंत शेजारी बसल्या होत्या.

नुसत्या डोळ्यांनी दिसणारं पिधान नसतंच का?

फार क्वचित. १२ डिसेंबर २०२३ ला लिओना नावाचा लघुग्रह चक्क काक्षीसमोरून गेला, मृगातला तो तांबडा तारा. तो पट्टा स्पेन, इटलीवरून अमेरिकेतल्या फ्लोरिडापर्यंत होता. आपल्याकडे नव्हता. पण काक्षीचं बिंब मोठं आहे त्यामुळे तारा पूर्ण न जाता मंद झाला. दूरच्या छोट्या वस्तूंच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्याशिवाय गत्यंतर नाही.

पावसाळ्यात काय?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे विसरा. त्या दिवसांत जुन्या फाइल्स काढून टँग्रा नाहीतर पायमूव्ही या सॉफ्टवेअरवर प्रकाशवक्र, म्हणजे ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदललं त्याचा आलेख, काढायचा सराव करा, ते काम शिकायला वेळ लागतोच.

याचा राशीवर, पत्रिकेवर काही परिणाम होतो का?

नाही. गरोदर बायकांनी घरात बसायची पण काही गरज नाही, हा प्रश्न दर कार्यक्रमाला येतो म्हणून लिहिलं.

एकट्याने करून उपयोग आहे का?

आहे, पण दोघा-तिघांनी अंतर ठेवून केलं तर कितीतरी जास्त आहे. सगळे मित्र एकाच शेतात दुर्बिणी लावून बसले तर सगळ्यांना एकच जीवा मिळते. मजा येते, चहा होतो, पण आकार कळत नाही. सावलीच्या दिशेला आडवे पसरा, एक जण चाकणला, एक मंचरला, एक नारायणगावला, अशी ओळ. अमेरिकेत पश्चिमेकडच्या छोट्या गावांतल्या शाळा-कॉलेजांना दुर्बिणी देऊन रेकॉन नावाचं जाळं याच कामासाठी उभं केलंय, उत्तर-दक्षिण ओळीत. आपल्या सह्याद्रीच्या कडेने कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत अशी ओळ काय छान होईल, सावल्या पूर्व-पश्चिम पळतात आणि आपला घाट उत्तर-दक्षिण उभा आहे. हे माझं स्वप्न आहे, उघडच सांगतो.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं आणि फाइल किती दिवस ठेवायची?

जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची, दुर्बीण, कॅमेरा, एक्स्पोजर, वेळ कशी घेतली, रेकॉर्डिंग कधी सुरू-कधी बंद, आकाश कसं होतं, तारा गेला का, गेला तर कधी आणि परत कधी आला. पिधानांचं काम करणारी आयोटा ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, त्यांचे ठरलेले फॉर्म आहेत. फाइल कायमची ठेवायची. क्वावारचं कडं जाहीर झालं २०२३ मध्ये, पण ते ज्या पिधानांमध्ये दडलं होतं ती २०१८ पासूनची होती.

माझ्याकडे एका डिस्कवर अशा तीन रात्री आहेत. दोनमध्ये तारा कुठेच जात नाही. तिसरीत जुन्नरजवळच्या एका शेतातून, पहाटे, एक अगदी साधा लघुग्रह, तारा तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो आणि मागे आवाजात त्या आजी म्हणतात, "गेला गं बाई… आला, आला." तिन्ही रात्रींचे रिपोर्ट पाठवलेले आहेत.